'अनुकूलन' या शब्दाची अखेर

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव. दसरा-दिवाळी उलटली की या भागातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, ती पट्टा पडल्यावरच परततात. त्यांची जी मुले मागे राहून शिकतात, त्यांच्यापैकी एखाद्याने परीक्षेत लक्षणीय यश मिळवले की सत्काराच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : परिस्थितीने याला घडवले. हे वाक्य आम्हीही अनेकदा उच्चारले आहे. मराठीच्या अध्यापकांवर अशा समारंभांत बोलण्याची पाळी वारंवार येते, आणि तयार वाक्ये जिभेवरच असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ऊसतोड नव्हे. आतड्यात राहणारा एक जिवाणू कोणती शर्करा मिळाली असता काय करतो, आणि तो तसे का करतो याचे उत्तर शोधताना विज्ञानाला जवळजवळ साठ वर्षे का लागली, याचा हा वृत्तांत आहे. तो आम्ही सांगावा याचे कारण इतकेच की या इतिहासाच्या मध्यभागी एका शब्दाचे भांडण आहे. 'परिस्थितीने घडवले' या आमच्या वाक्यात जी समजूत दडलेली आहे, तीच समजूत त्या शब्दातही दडलेली होती.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १८८५ साली थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा काढून त्याचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच नावावरून तो 'एशरिशिया कोलाय', संक्षेपाने 'ई. कोलाय', म्हणून ओळखला जाऊ लागला. याला सर्वाधिक सोयीची शर्करा म्हणजे ग्लुकोज. दुधात असते ती शर्करा निराळी : लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करा एकमेकींना जोडल्या गेल्या की ती तयार होते. (विरजलेल्या दुधाला येणारा आंबटपणा हा याच शर्करेवर दुसऱ्या काही जिवाणूंनी केलेल्या कामाचा परिणाम होय.) तिचा उपयोग करायचा तर आधी ती जोडी फोडावी लागते, आणि ते काम बीटा-गॅलॅक्टोसायडेज नावाचे विकर करते. दुग्धशर्करा नसलेल्या माध्यमात ई. कोलायच्या एका पेशीत या विकराचे जेमतेम मोजके रेणू सापडतात. केवळ दुग्धशर्करा पुरवली, की काही मिनिटांत विकराची निर्मिती सुरू होते आणि रेणूंची संख्या हजारोंच्या घरात जाते. शर्करा काढून घेतली की निर्मिती थांबते.

दूध आले आणि दूध पचवण्याचे साधन आले. या दोन घटनांमधले नाते काय? दुधाने जिवाणूला काही शिकवले का?

अशा प्रकारची निरीक्षणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाली होती. एमिल द्युक्लो यांना बुरशीच्या बाबतीत आढळले की ती कोणती विकरे बनवते हे तिला दिलेल्या अन्नावर अवलंबून असते. १९०० साली फ्रेडरिक डीनेर यांनी दाखवले की यीस्टला गॅलॅक्टोजवर वाढवले तरच तिच्यात ती शर्करा आंबवण्याची क्षमता दिसते. १९३० च्या दशकात फिनलंडच्या हेनिंग कार्स्ट्रोम यांनी जिवाणूंच्या विकरांचे दोन वर्ग केले. परिस्थिती कोणतीही असो, जी असतातच ती 'नित्य' विकरे. आणि अन्नद्रव्य समोर आल्यावर जी प्रकटतात ती 'अनुकूलनी' विकरे. शब्द सुटसुटीत होता, म्हणून रुळला. परंतु सुटसुटीत शब्दांचा एक धोका असतो. ते वर्णन करता करता स्पष्टीकरणाचा आव आणतात. 'अनुकूलन' म्हटले की जिवाणूने परिस्थिती ओळखली, तिच्याशी जुळवून घेतले, आणि स्वतःच्या हितासाठी घेतले, असे तीन दावे एका शब्दात मांडले जातात. त्यांपैकी एकही तोवर कोणी सिद्ध केलेला नव्हता.

आता पॅरिसकडे वळू. १९४० सालचा डिसेंबर. शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात. सोर्बोनमधील झाक मोनो हे तिशीतले संशोधक जिवाणूंच्या वाढीवर प्रबंध लिहीत होते. माध्यमात दोन शर्करा एकत्र घालायच्या आणि जिवाणूंच्या वाढीचा आलेख काढायचा, असा त्यांचा साधा प्रयोग. काही जोड्यांच्या बाबतीत आलेख सलग चढत असे. इतर जोड्यांत मात्र तो चढे, मध्येच काही काळ सपाट होई, आणि पुन्हा चढू लागे. ग्लुकोज आणि दुग्धशर्करा ही अशा दुसऱ्या प्रकारची जोडी आज अभ्यासपुस्तकांतून सर्वपरिचित झाली आहे. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, मग थबकतो, आणि नंतर दुग्धशर्करेकडे वळतो. या दुहेरी वाढीला मोनो यांनी ग्रीक धातूंवरून 'डायॉक्सी' असे नाव दिले. हा आलेख त्यांनी पाश्चर संस्थेतील आंद्रे ल्वोफ यांना दाखवला, तेव्हा याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी असू शकेल असे ल्वोफ यांनी सुचवले. मोनो यांनी तो शब्दप्रयोग त्यापूर्वी ऐकलाही नव्हता. पुढची वीस वर्षे त्यांनी त्याच शब्दाचा पिच्छा पुरवला.

१९४१ साली प्रबंध झाला. युद्धकाळात मोनो प्रतिकार चळवळीत शिरले, कम्युनिस्ट पक्षाच्या सशस्त्र दलात जबाबदारीची कामे केली, आणि युद्ध संपल्यावर १९४५ साली पाश्चर संस्थेत रुजू झाले.

त्या वेळी अनुकूलनाचे जे स्पष्टीकरण सर्वांत ग्राह्य मानले जाई, ते केंब्रिजच्या जॉन युडकिन यांनी १९३८ साली मांडलेले होते. (हेच युडकिन पुढे १९७२ साली साखरेच्या अपायांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे गाजले.) त्यांच्या मते पेशीत विकराचा एक कच्चा पूर्वरूपी पदार्थ असतो. त्याचे आणि तयार विकराचे प्रमाण एकमेकांना तोलून धरते. शर्करा आली की ती तयार विकराला चिकटते, तोल ढळतो, आणि कच्च्यातून आणखी पक्के घडत जाते. साच्यात माती दाबावी तशी शर्करा विकराला आकार देते, ही कल्पना या विचाराच्या अगदी जवळची होती. मोनो यांनाही सुरुवातीला पूर्वरूपाची ही कल्पना पटत असे. भोवतालच घडवतो, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे.

आणि नेमक्या याच समजुतीला १९४८ साली एका राजसत्तेचा शिक्का मिळाला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत भरलेल्या कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात ट्रोफिम लिसेंको यांचे मत अधिकृत ठरवण्यात आले. वनस्पतींना योग्य परिस्थितीत वाढवले तर त्यांचा स्वभाव बदलतो आणि तो बदल वंशपरंपरेने उतरतो, असा त्यांचा सिद्धान्त. जनुकशास्त्र ही भांडवलशाही भ्रांती, असा त्यांचा आरोप. या विचाराला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव हे १९४३ सालीच तुरुंगात मरण पावले होते. फ्रान्समधील कम्युनिस्ट बुद्धिमंतांपुढे प्रश्न उभा राहिला. पक्षापासून आधीच दुरावलेल्या मोनो यांनी १५ सप्टेंबर १९४८ च्या 'काँबा' या दैनिकात लिसेंकोंच्या विजयावर कडक टीका करणारा लेख लिहिला, आणि जुन्या सहकाऱ्यांशी असलेले नाते तोडले.

येथे आपण क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते. जनुकांवर विश्वास ठेवणारा, परिस्थिती वारसा घडवत नाही असे जाहीरपणे सांगणारा हा संशोधक स्वतःच्या प्रयोगशाळेत ज्या गोष्टीचा अभ्यास करत होता, तिचे नाव 'अनुकूलन' होते. दुग्धशर्करा जिवाणूला बदलते, असेच तर ती गोष्ट वरवर सांगत होती. लिसेंकोंना खोडून काढायचे तर अनुकूलनाचे काय, याचे उत्तर देणे भाग होते. शब्दाचा प्रश्न आता केवळ परिभाषेचा उरला नाही.

उत्तराचा पहिला भाग रसायनशास्त्रातून आला. मोनो, मेल्विन कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुग्धशर्करेसारखी दिसणारी अनेक संयुगे जिवाणूंना देऊन पाहिली. १९५१ सालापर्यंत चित्र स्पष्ट झाले. काही संयुगे अशी निघाली की विकर त्यांना मुळीच फोडू शकत नाही, जिवाणूला त्यांचा कवडीचाही उपयोग नाही, तरी ती मिळताच विकराची निर्मिती भरात येते. उलट काही संयुगे विकर सहज फोडते, पण ती दिल्याने विकर तयार होत नाही. म्हणजे उपयोग आणि निर्मिती यांचा संबंध कार्यकारणाचा नव्हता. जिवाणूला जे पचते त्यासाठीच तो साधन बनवतो, हे म्हणणे आता टिकणारे नव्हते. १९५३ साली मोनो, कोन यांच्यासह पाच संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात परिभाषेविषयी एक छोटेखानी निवेदन प्रसिद्ध केले. 'अनुकूलन' या शब्दाच्या जागी त्यांनी 'प्रेरण' हा शब्द सुचवला. निर्मितीला कारण होणाऱ्या संयुगाला 'प्रेरक' म्हणावे असे ठरले. हेतू सुचवणारा शब्द गेला आणि केवळ घटना सांगणारा आला. १९५५ साली असेही सिद्ध झाले की विकर कच्च्या मालातून आकारले जात नाही. प्रेरक आल्यानंतर ते अमिनो आम्लांपासून संपूर्णपणे नव्याने बांधले जाते. पूर्वरूपाची कल्पना निकालात निघाली.

परंतु प्रेरक करतो तरी काय? काही उत्परिवर्तित जिवाणू असे सापडले होते की ते प्रेरक नसतानाही अखंड विकर बनवत राहतात. हा फरक विकराच्या जनुकात नव्हता. त्याच्याजवळच्या दुसऱ्या एका जनुकात होता. या नियामक जनुकाला 'आय' म्हणू, आणि विकराच्या जनुकाला 'झेड'. मोनो यांचा तर्क असा होता की 'आय' बिघडलेल्या पेशी स्वतःच आतल्या आत प्रेरक बनवत असाव्यात. म्हणजे काहीतरी 'असते' म्हणून विकर बनते.

हा तर्क तपासला गेला तो १९५७-५८ च्या प्रयोगात. कॅलिफोर्नियातून आर्थर पार्डी वर्षभरासाठी आले होते. सोबत होते फ्रांस्वा जाकोब : १९४० साली द गॉल यांच्या सैन्यात दाखल झालेले, १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीत जबर जखमी झाल्याने शल्यचिकित्सक होण्याचे स्वप्न सोडून द्यावे लागलेले, आणि ल्वोफ यांच्या पोटमाळ्यावरील प्रयोगशाळेत जिवाणूंच्या समागमाचा अभ्यास करणारे. एक जिवाणू दुसऱ्याला आपली जनुके हळूहळू, एका ठरावीक क्रमाने देतो. या तिघांनी 'आय' आणि 'झेड' दोन्ही धड असलेल्या जिवाणूची जनुके, दोन्ही बिघडलेल्या जिवाणूत जाऊ दिली. प्रेरक मात्र दिला नाही. 'झेड' पोचताच काही मिनिटांत विकर तयार होऊ लागले. पण तासा-दोन तासांत निर्मिती मंदावली आणि थांबली. यानंतर प्रेरक दिला तरच ती सुरू होई. अर्थ असा की नव्या पेशीत आरंभी अडवणारे कोणी नव्हते म्हणून विकर बनत होते. धड 'आय' जनुक आल्यावर त्याने सावकाश एक पदार्थ निर्माण केला, आणि त्या पदार्थाने 'झेड'चे तोंड बंद केले. 'आय' प्रेरक बनवत नाही, तो रोधक बनवतो.

पदार्थवैज्ञानिक लिओ झिलार्ड यांनी पॅरिसमधील एका चर्चासत्रात हीच शक्यता मांडली होती. मोनो यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात त्याचे श्रेय त्यांना दिले आहे. ही दुहेरी नकाराची रचना आहे. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला तिचे नवल वाटू नये. 'न येणार नाही' म्हणजे येणारच. प्रेरक रोधकाला अडवतो, रोधक जनुकाला अडवत असतो. अडवणाऱ्यालाच अडवले की जनुक बोलू लागते. दुग्धशर्करा जिवाणूला काही शिकवत नाही. जे त्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलेच आहे, त्यावरचा हात ती बाजूला करते.

१९५८ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या एका चित्रपटगृहात बसले असताना जाकोब यांच्या ध्यानात आले की जिवाणूच्या अंगात सुप्तपणे राहणारा विषाणू आणि दुग्धशर्करेचे विकर या दोन अगदी निराळ्या वाटणाऱ्या विषयांत एकच रचना आहे : दोन्हीकडे एक रोधक अनेक जनुकांना एकदम गप्प ठेवतो. त्यातून १९६० साली 'ऑपेरॉन' ही संज्ञा आली आणि १९६१ साली जाकोब व मोनो यांचा प्रसिद्ध निबंध. शर्करा फोडणाऱ्या विकराचे जनुक, ती पेशीत आत घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक आणि तिसरे एक, अशी तीन जनुके एका ओळीत. त्यांच्या तोंडाशी एक छोटी जागा, जिथे रोधक बसतो. १९६५ सालचे नोबेल पारितोषिक ल्वोफ, मोनो आणि जाकोब यांना मिळाले. रोधक मात्र तोवर कोणी पाहिलेला नव्हता. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला. ते एक प्रथिन निघाले, आणि एका पेशीत त्याच्या मोजक्याच प्रती असतात असे दिसले.

पुढे आणखी एक गंमत उघड झाली. खरा प्रेरक दुग्धशर्करा स्वतः नव्हे. तिच्यात किंचित फेरफार होऊन बनणारी ॲलोलॅक्टोज ही शर्करा रोधकाला दूर करते, आणि तो फेरफार करते तेच बीटा-गॅलॅक्टोसायडेज. म्हणजे दार उघडण्यासाठी आत आधीच थोडे विकर असावे लागते. रोधक कधीमधी क्षणभर सुटतो, तेवढ्यात चार-दोन रेणू बनतात, आणि त्यांच्यावरच पुढचे सारे अवलंबून असते. बंदी पूर्ण असती तर ती कधीच उठली नसती.

मोनो यांचा मूळ प्रश्न, म्हणजे ग्लुकोज असताना दुग्धशर्करा दुय्यम का ठरते, हा मात्र सर्वांत शेवटी सुटला. १९६५ साली मॅकमन आणि अर्ल सदरलँड यांना आढळले की ग्लुकोज असता ई. कोलायमध्ये चक्रीय एएमपी या छोट्या रेणूचे प्रमाण घटते. १९७० च्या सुमारास कळले की या रेणूला धरून एक प्रथिन जनुकांच्या तोंडाशी बसते आणि त्यांना चालना देते. रोधक उठला तरी ही चालना नसेल तर काम रेंगाळते. शिवाय ग्लुकोज आत येत असताना दुग्धशर्करेचे प्रवेशद्वारच अडवले जाते, आणि आलेखातील त्या सपाट भागाचे मोठे कारण हेच, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले.

ही चालना म्हणजे होकार होता. दुहेरी नकाराच्या सौंदर्याने भारलेल्या त्या पिढीला तो सहज पचला नाही. एलिस एंगल्सबर्ग यांनी १९६० च्या दशकात ॲराबिनोज या शर्करेच्या बाबतीत नियामक प्रथिन जनुकाला सरळ चालना देते असे दाखवले, तेव्हा त्यांच्यावर अनेक वर्षे अविश्वास दाखवला गेला. एका शब्दाची सक्ती मोडून काढणाऱ्यांनी दुसऱ्या रचनेची सक्ती उभी केली होती, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मोनो यांच्यासोबत काम केलेल्या ॲनामारिया तोरिआनी यांनी १९६० साली दाखवले की फॉस्फेट मुबलक असता ई. कोलाय अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर बनवणे थांबवतो. शर्करेऐवजी फॉस्फेट, पण प्रश्न तोच. याच विकराच्या जनुकावर ॲलन गॅरन यांच्यासह अमेरिकेत महत्त्वाचे काम करणारे ओबेद सिद्दिकी १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि त्यांनी तेथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भाभांकडे त्यांची शिफारस करणाऱ्यांत तेच लिओ झिलार्ड होते. जिवाणूंच्या समागमात जनुकांचे हस्तांतर कसे होते, यावर सिद्दिकींनी मुंबईत पुढे संशोधन केले. पॅरिसच्या प्रयोगाचा आधार असलेली हीच ती प्रक्रिया.

आता पुन्हा तलवाड्याकडे. माणूस म्हणजे जिवाणू नव्हे, आणि निसर्गातून नीती काढण्याविरुद्ध खुद्द मोनो यांनीच १९७० सालच्या आपल्या 'यदृच्छा आणि अनिवार्यता' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात कठोर इशारा दिला आहे. तो आम्ही मानतो. दुग्धशर्करेच्या ऑपेरॉनवरून ऊसतोड कामगारांच्या मुलांविषयी काहीही सिद्ध होत नाही.

परंतु शब्दांविषयीची सावधगिरी या इतिहासाकडून घेता येते. 'परिस्थितीने घडवले' हे वाक्य 'अनुकूलन' या शब्दाचेच भावंड आहे. तेही वर्णन करता करता स्पष्टीकरणाचा आव आणते, आणि हालअपेष्टांना गुरूचे पद बहाल करून टाकते. मग ज्या शेकडो मुलांना त्याच परिस्थितीने फडावर नेले, त्यांना तिने का घडवले नाही, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. पॅरिसच्या त्या मंडळींनी आपला शब्द बदलला, तेव्हा त्यांना विचारायचा प्रश्नही बदलला. काय शिकवले गेले, याऐवजी कोण अडवत होते आणि ते अडवणे कशाने दूर झाले, असे ते विचारू लागले.

यापुढे सत्काराला उभे राहण्याची वेळ आली, तर भाषणापूर्वी त्या विद्यार्थ्यालाच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात असे आम्ही ठरवले आहे. आई-वडील कोयत्यावर गेले तेव्हा घरी कोण राहिले? हंगामी वसतिगृहात दोन्ही वेळचे जेवण मिळाले का? त्याच्या मागे राहिलेल्या आजीचे नाव भाषणात आले, तर परिस्थितीचे नाव घेण्याची गरज कदाचित पडणार नाही.